खोडलेली गोळी

डॉक्टरांनी माझी वही उघडली, दोन पाने चाळली आणि मिटून बाजूला ठेवली, ही एवढीशी गोष्ट मला पुढे कित्येक दिवस बोचत राहिली. वही साधीसुधी नव्हती. आईचा सकाळ-संध्याकाळचा रक्तदाब, उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर, नाडीचे ठोके, दर तीन महिन्यांचे रक्ताचे अहवाल असे सगळे मी पट्टीने आखलेल्या रकान्यांत दोन वर्षे न चुकता उतरवत आलो होतो. हिशेब तपासणे हाच माझा व्यवसाय असल्यामुळे आकड्यांचा ताळा जमला की मला मनापासून बरे वाटते, आणि त्या दिवशी तो असा काही जमला होता की डॉक्टर शाबासकी देतील अशी माझी बालिश अपेक्षा होती. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारा रक्तचाचणीतला आकडा ६.४ टक्के आला होता. वरचा रक्तदाब १३० च्या आसपास स्थिर होता. डॉक्टर आईकडे वळले आणि त्यांनी विचारले, "वहिनी, रात्री उठून बाथरूमकडे जाताना भिंत धरता का?"

आईने आधी माझ्याकडे पाहिले, चोरी पकडली गेल्यासारखे. मग म्हणाली, "धरते." "झोपेतून घामानं जाग येते का कधी?" "येते अधूनमधून. उकाड्यानं असेल." "थंडीतही येते?" यावर ती काही बोलली नाही, आणि डॉक्टरांनीही तो प्रश्न पुन्हा विचारला नाही. त्यांनी तिचा रक्तदाब बसवून मोजला, मग तिला उभे केले, तिच्या कोपराखाली हात धरून मिनिटभर थांबले आणि पुन्हा मोजला. बसून १३२, उभ्याने १०८. दोन वर्षांत माझ्या वहीत आईचा रक्तदाब शेकडो वेळा नोंदला गेला होता, आणि त्यातल्या एकाही वेळी आई उभी नव्हती. डॉक्टरांनी औषधांच्या यादीतली ग्लिमेपिराइड या मधुमेहाच्या गोळीची ओळ पेनाने खोडली. एकदा खोडून पुन्हा एकदा त्यावरून रेघ ओढली. "मग साखर वाढेल ना?" मी विचारले. "वाढेल," ते म्हणाले, "थोडी वाढू दे."

घरी परतताना आई गप्प होती. दार उघडून आत आल्यावर, चपला काढता काढता तिने विचारले, "आता माझ्यात काही राम राहिला नाही म्हणून सोडून दिलं का रे त्यांनी?"

मी काहीबाही बोलून वेळ मारून नेली, पण तोच प्रश्न वाटभर माझ्याही मनात होता.

हे डॉक्टर मला लहानपणापासून ओळखतात आणि अजूनही 'अरे-तुरे' करतात. मी आठ-नऊ वर्षांचा असताना तापाने फणफणलो होतो, तेव्हाची एक रात्र मला अंधूक आठवते. आईच्या पदराचा ओलसर वास, कपाळावरची घडी, आणि घशात चमचा घालून पाहणारे तरुणपणीचे हे डॉक्टर. तपासून झाल्यावर ते म्हणाले होते, "आज काही देत नाही. दोन दिवस थांबू. पाणी पाजत राहा, आणि मान ताठ झाली किंवा अंगावर पुरळ दिसलं तर मध्यरात्रीसुद्धा बोलवा." आईने ही गोष्ट पुढे कितीतरी वर्षे कौतुकाने सांगितली. उगीच औषधांचा मारा न करणारे डॉक्टर म्हणजे हे, असे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत असे. त्याच डॉक्टरांनी, त्याच शांतपणे, तिची एक गोळी कमी केली तेव्हा मात्र तिला टाकून दिल्यासारखे वाटले. लहान मुलाला औषध दिले नाही तर त्याच्या अंगच्या ताकदीवर विश्वास दाखवल्यासारखे होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईचे औषध काढून घेतले की तिच्यावर खर्च करण्यासारखे आता काही उरले नाही, असा निरोप पोहोचतो. कृती तीच असते, आणि तिचा अर्थ ऐकणाऱ्याच्या वयाप्रमाणे असा उलटा होतो.

त्या रात्री मी औषधांचा डबा टेबलावर उपडा केला. दहा प्रकारची औषधे, दिवसाला तेरा गोळ्या. मधुमेहाच्या दोन, रक्तदाबाच्या दोन, हृदयाचे ठोके आवरणारी एक, ते ठोके अनियमित असल्यामुळे गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ करणारी एक, कोलेस्टेरॉलची एक, लघवी वाढवून सूज उतरवणारी एक, हाडांसाठी कॅल्शियम, आणि या सगळ्यांमुळे पोट बिघडू नये म्हणून सकाळची पहिली आम्लपित्ताची. प्रत्येक गोळीमागचा कागद मी फायलीतून शोधून काढला. मधुमेहाच्या गोळ्या एकाने लिहिल्या होत्या, ठोक्यांच्या दुसऱ्याने, कॅल्शियम तिसऱ्याने. तपासनीसाच्या सवयीने मी चूक कोणाची ते शोधत होतो आणि ती सापडत नव्हती. प्रत्येक कागद आपापल्या जागी बरोबर होता. ज्याने जे लिहिले ते त्या त्या रोगाच्या पुस्तकाप्रमाणेच लिहिले होते. फक्त या सगळ्या कागदांची बेरीज कोणत्याही एका कागदावर नव्हती. ती आईच्या शरीरात होत होती, रात्री तीन वाजता, भिंत धरून चालताना.

पुढच्या काही आठवड्यांत मी जे हाती लागेल ते वाचत गेलो. २००५ साली सिंथिया बॉइड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका काल्पनिक बाईचा हिशेब मांडला होता. वय ७९, आणि पाच दुखणी: मधुमेह, उच्च रक्तदाब, फुप्फुसांचा जुना विकार, ठिसूळ हाडे आणि सांध्यांची झीज. या प्रत्येक रोगासाठीच्या मान्यताप्राप्त मार्गदर्शक सूचना तंतोतंत पाळल्या तर तिला बारा औषधे घ्यावी लागतील, दिवसातून पाच वेगवेगळ्या वेळांना, एकूण १९ मात्रा. ती बाई काल्पनिक असली तरी मला ती चांगली ओळखीची वाटली. २०१२ मध्ये स्कॉटलंडमधील साधारण साडेसतरा लाख लोकांच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा २३ टक्क्यांहून अधिक लोकांना एकापेक्षा जास्त जुनाट आजार असल्याचे दिसले, आणि गरीब वस्त्यांमध्ये ही वेळ सुखवस्तू वस्त्यांपेक्षा दहा-पंधरा वर्षे आधी येत होती. म्हणजे एकच रोग असलेला रोगी, ज्याला समोर धरून पुस्तके लिहिली जातात, तो दवाखान्याच्या बाकावर शोधूनच काढावा लागत असणार.

मला सर्वांत जास्त अस्वस्थ केले ते ६.४ या आकड्याने. मी ज्याला यश समजत होतो त्याच आकड्याकडे पाहून डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली होती, आणि ती का पडली हे मी पुढच्या भेटीत त्यांना सरळच विचारले. त्यांनी बोटावर मोजून दाखवावे तसे सांगितले. ग्लिमेपिराइड ही गोळी साखर किती आहे हे न बघता इन्शुलिन सोडायला लावते. आईची मूत्रपिंडे आता निम्म्याहून थोड्या कमीच कामाची उरलेली असल्यामुळे ती गोळी अंगात रेंगाळते. रात्रीचे जेवण जरा कमी झाले की पहाटे साखर घसरते. साखर घसरली की निरोगी माणसाचे हात थरथरतात, छातीत धडधडते आणि तो सावध होतो, पण ठोके आवरणारी गोळी नेमकी हीच थरथर आणि धडधड दाबून टाकते. दाबला जात नाही तो फक्त घाम. "म्हणून मी घामाचं विचारलं," ते म्हणाले. आणि मग, थोडे थांबून, "आता त्या अवस्थेत ती पडली, आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे, तर काय होईल ते तुला सांगायला नको." तीन गोळ्या, तिन्ही योग्य, आणि एकीने दुसरीच्या हातात हात देऊन बाथरूमच्या उंबरठ्यापर्यंत केलेली साखळी. मी विचारले, मग रक्त पातळ करणारीच का बंद करू नये. त्यांनी मान हलवली. ती बंद केली तर अर्धांगाचा झटका येण्याची शक्यता वाढते, आणि पडण्याच्या भीतीने ती काढणे म्हणजे दुसऱ्या टोकाला पडणे. साखळीची सर्वांत स्वस्तात तुटणारी कडी कोणती, एवढेच त्यांनी पाहिले होते.

साखर कडक ठेवण्याचे फायदे खोटे नाहीत. डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंडे आणि नसा त्याने वाचतात, पण ते फळ हाती यायला बरीच वर्षे जावी लागतात. तोटा मात्र आजच्या रात्रीचा असतो. चाळिशीतल्या माणसाने आठ-दहा वर्षांनंतरच्या फायद्यासाठी आजची थोडी जोखीम पत्करणे शहाणपणाचे आहे. आईसाठी हाच व्यवहार वेगळा ठरतो. अमेरिका आणि कॅनडात दहा हजारांहून अधिक मधुमेही लोकांवर झालेल्या अॅकॉर्ड नावाच्या चाचणीत सरासरी साखर ६ च्या खाली आणण्याचा नेटाने प्रयत्न झाला होता, आणि ज्या गटात तो झाला त्या गटात मृत्यू कमी होण्याऐवजी जास्त झाले, २०३ च्या तुलनेत २५७. २००८ साली तो भाग मुदतीआधीच थांबवावा लागला. रक्तदाबाच्या बाबतीत २०१५ ची स्प्रिंट चाचणी वाचताना तर मला हसूच आले. वरचा रक्तदाब १२० च्या खाली ठेवल्याने फायदा होतो, असे तिने दाखवले, आणि त्याचा पुढे पुष्कळ गाजावाजा झाला. पण त्या चाचणीत मधुमेह असलेल्यांना घेतलेच नव्हते, आणि उभे राहिल्यावर ज्यांचा वरचा आकडा ११० च्या खाली जातो त्यांनाही वगळले होते. आईला त्या चाचणीच्या दारातूनच दोनदा परत पाठवले असते. तरीही चाचणीच्या निष्कर्षाचे आकडे मात्र आमच्या घरी, माझ्या वहीच्या पहिल्या पानावर, 'उद्दिष्ट' म्हणून तांबड्या शाईने लिहिलेले होते.

ते मीच लिहिले होते, डॉक्टरांनी नव्हे. हे कबूल करायला मला वेळ लागला.

दुसऱ्या भेटीत एक वेगळाच प्रकार घडला. आईचे क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडे मंदावली की रक्तात वाढणारे द्रव्य, १.४ वरून १.७ झाले होते. मधुमेहामुळे मूत्रपिंडे हळूहळू खालावतात, हे मला ठाऊक असल्याने मी ते त्या खात्यात टाकून मोकळा झालो होतो. डॉक्टरांनी अहवाल खाली ठेवला, चष्मा काढून पुसला आणि आईला विचारले, "गुडघ्याची गोळी किती घेता?" 'घेता का' असे त्यांनी विचारले नाही, 'किती घेता' असे विचारले. 'घेता का' म्हटले असते तर आईने बेलाशक नाही म्हणून सांगितले असते. मलाही तिने दोनदा तसेच सांगितले होते. 'किती' म्हटल्यावर मात्र ती गाफील सापडली आणि "एखादी... फार दुखलं तर दोन," असे बोलून गेली. कुणा मैत्रिणीकडून आणलेली ती वेदनाशामक गोळी औषधांच्या डब्यात नव्हतीच. ती तिच्या शिवणाच्या पेटीत, बटणांच्या खणात होती. रक्तदाबाची एक विशिष्ट गोळी, लघवी वाढवणारी गोळी आणि ही सांधेदुखीची गोळी अशा तिघी एकत्र आल्या की मूत्रपिंडांवर तिहेरी ताण येतो, शिवाय रक्त पातळ असताना पोटात रक्तस्राव होण्याची भीती असते, हे डॉक्टरांनी तिला समजावून सांगितले, पण रागावले नाहीत. मी रागावलो असतो. माझ्या वहीत त्या गोळीला रकाना नव्हता, आणि रकाना नसलेली गोष्ट आई माझ्यापासून इतक्या सहज लपवू शकत होती, याचे मला फार लागले.

मग त्यांनी तिला एक प्रश्न विचारला, जो मी मुलगा असून कधी विचारला नव्हता. "या सगळ्यात तुम्हाला सर्वांत जास्त काय छळतं?" आई लगेच म्हणाली, "गुडघे. आणि रात्री तीन-तीनदा उठावं लागतं ते." साखर तिच्या यादीत नव्हती. हृदय नव्हते. डॉक्टरांच्या कागदावर सांधेदुखी अगदी तळाशी, दहाव्या ओळीत होती. त्या दिवशी त्यांनी ती वर घेतली: मांडीचे स्नायू बळकट करण्याचे तीन व्यायाम स्वतः खुर्चीत बसून करून दाखवले, पॅरासिटामॉल किती घेतलेले चालेल ते लिहून दिले, चोळायचे मलम दिले आणि लघवीची गोळी संध्याकाळऐवजी सकाळी घ्यायला सांगितली. रात्रीचे उठणे तीनवरून एकावर आले. गोळी तीच, मात्रा तीच, फक्त घड्याळ बदलले. एवढ्या साध्या गोष्टीसाठी दोन वर्षे का जावी लागली, असे मला वाटून गेले, आणि त्याबद्दल थोडा राग अजूनही आहे. ज्याने ती संध्याकाळी लिहिली त्याने सूज पाहिली होती, रात्र पाहिली नव्हती.

असे निर्णय कसे घेतले जातात यावर आयर्लंडमध्ये कॅरल सिनॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या फॅमिली डॉक्टरांशी बोलून २०१५ साली अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना असे दिसले की अनेक जुनाट आजार असलेल्या रोग्यासमोर हे डॉक्टर सर्वोत्तम उपायाच्या मागे लागत नाहीत; परिस्थितीत पुरेसा समाधानकारक ठरेल असा उपाय धरून पुढे जातात. ही कल्पना मुळात हर्बर्ट सायमन या विचारवंताची, १९५६ सालची, आणि तिचा उगम वैद्यकात नाही. माहिती अपुरी, वेळ तोकडा आणि उद्दिष्टे एकमेकांच्या विरोधात असली की माणूस सर्वोत्तम शोधत बसत नाही, भागेल असे निवडतो, असे त्याचे म्हणणे. माझ्या धंद्यात 'भागेल' या शब्दाला शिवीचे मोल आहे. ताळेबंद दोन पैशांनी चुकला तरी तो चुकलेलाच असतो. त्यामुळे डॉक्टर आईच्या बाबतीत 'भागवत' आहेत, हे मला आधी ढिलाईसारखे वाटले. पण आईच्या दहा दुखण्यांचा ताळेबंद मुळात जुळणाराच नाही. एका रोगाची जमा ती दुसऱ्याची नावे, हे ध्यानात यायला मला माझ्याच वहीत अनेक रात्री घालवाव्या लागल्या. मूत्रपिंडे सांभाळायला पाणी हवे, हृदय सांभाळायला पाणी कमी हवे. हाडांना चालणे हवे, गुडघ्यांना विश्रांती हवी. अशा वेळी 'सर्वोत्तम' हा शब्द उच्चारायचा तर आधी कोणासाठी, हे ठरवावे लागते.

डॉक्टरांचे सगळेच अंदाज बरोबर आले असे मात्र मुळीच नाही. त्यांचा एक नियम होता: एका भेटीत एकच गोष्ट बदलायची, म्हणजे बरे-वाईट झाले तर ते कशाने झाले हे कळते. त्याप्रमाणे त्यांनी पुढे रक्तदाबाची अॅम्लोडिपिन ही गोळी निम्मी केली. तिनेच पावलांना सूज येत असावी आणि ती सूज उतरवण्यासाठीच कुणीतरी लघवीची गोळी लिहिली असावी, असा त्यांचा तर्क होता. एका औषधाचा दुष्परिणाम हा नवा रोग समजून त्यावर दुसरे औषध देण्याची ही ओळखीची चूक आहे. सूज खरोखर उतरली. तीन आठवड्यांनी त्यांनी लघवीची गोळी बंद केली. आठव्या रात्री आई उठून बसली. आडवे झाले की गुदमरल्यासारखे होते, असे म्हणाली, आणि उशांना टेकून पहाटेपर्यंत बसून राहिली. तिच्या श्वासाचा तो बारीक, चिकट आवाज मी शेजारी बसून ऐकत होतो आणि मनात डॉक्टरांना यथेच्छ बोल लावत होतो. सकाळी फोन केल्यावर त्यांनी पहिला प्रश्न केला, "वजन किती?" लघवीची गोळी बंद करताना त्यांनी मला वहीत वजनाचा रकाना वाढवायला सांगितला होता. पाच दिवसांत दोन किलो वाढले होते, आणि मी ते नुसतेच, अर्थ न लावता, उतरवत होतो. ते तासाभरात घरी आले, छातीला नळी लावून बराच वेळ ऐकत राहिले. "माझा अंदाज चुकला," ते म्हणाले. "सूज गोळीची होती, पण पाणी थोडं हृदयाचंही होतं. आपण अर्धी गोळी परत सुरू करू." हे ते आईला म्हणाले, माझ्याकडे न पाहता, आणि आई त्यांना म्हणाली, "असू द्या हो, कळलं ना आता."

तिच्या या 'कळलं ना आता'ची मला त्या क्षणी चीड आली होती. नंतर मात्र असे वाटू लागले की पहिली गोळी खोडल्यापासून तिच्या मनात जी शंका होती, ती त्या सकाळी गेली. ज्याने आपल्याला सोडून दिले आहे तो माणूस तासाभरात येत नाही, आणि चुकलो म्हणूनही सांगत नाही.

तो तासभर त्यांनी कुठून आणला हे मला ठाऊक नाही. बाहेर बाकावर माणसे खोळंबलेली असणारच. ६७ देशांमधील नोंदी एकत्र करून २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात डॉक्टर एका रोग्याला सरासरी किती वेळ देतात ते मोजले होते: बांगलादेशात ४८ सेकंद, स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटे. उभे करून रक्तदाब मोजायलाच दोन-तीन मिनिटे लागतात. अठ्ठेचाळीस सेकंदांत गोळी लिहिता येते. काढता येत नाही, कारण काढायची तर ती का लिहिली होती, कोणी लिहिली होती, आणि समोरचे माणूस रात्री कसे चालते हे सगळे विचारावे लागते. अर्थात नुसता वेळ दिला की सगळे सुरळीत होते, असेही नाही. इंग्लंड आणि स्कॉटलंडमधील ३३ दवाखान्यांत तीन किंवा अधिक जुनाट आजार असलेल्या १,५४६ लोकांवर एक चाचणी झाली. रोगनिहाय वेगवेगळ्या फेऱ्यांऐवजी सहा महिन्यांनी एकदा सगळ्या आजारांचा एकत्र, सविस्तर विचार करायचा, अशी तिची रीत होती. २०१८ मध्ये निकाल आला. लोकांच्या जीवनमानाच्या मोजमापात काही फरक पडला नव्हता. मात्र आपले म्हणणे ऐकले गेले, आपली काळजी नीट घेतली गेली, असे त्यांना अधिक वाटत होते. हा निकाल वाचून खट्टू व्हावे की समाधान मानावे, हे मला अजून ठरवता आलेले नाही. तपासनीस म्हणून मी म्हणेन की आकडा हलला नाही. आईला विचारले तर ती वेगळे सांगेल.

मध्यंतरी मधुमेहाच्या तज्ज्ञांकडे वार्षिक तपासणी होती. साखर ७.८. त्यांनी भुवया उंचावल्या, "ही गोळी कोणी थांबवली?" असे विचारले आणि उत्तराची वाट न पाहता ग्लिमेपिराइड पुन्हा लिहिली. ते चुकीचे वागत होते असे मी म्हणणार नाही. त्यांच्यासमोर साखर होती आणि ते साखर पाहत होते. त्या रात्री मी डब्याच्या तळातून जुनी पट्टी काढली. सहा गोळ्या शिल्लक होत्या. एक गोळी अंगठ्याने अर्धी वर ढकलली होती, चांदी फाटायच्या बेतात होती. दोन डॉक्टर, दोन कागद, आणि निर्णय अखेर माझ्या अंगठ्यावर येऊन ठेपलेला. मी तशीच ती खाली ठेवून आमच्या डॉक्टरांना फोन लावला. "आज देऊ नकोस," ते म्हणाले, "उद्या मी त्यांच्याशी बोलतो." दुसऱ्या दिवशी ते तज्ज्ञांशी बोलले तेव्हा मी समोरच बसलो होतो, आणि मला फक्त एका बाजूचे बोलणे ऐकू येत होते. साखरेबद्दल त्यांनी एक वाक्यही उच्चारले नाही. "पहाटे घाम येत होता... हो, ठोक्यांची गोळी चालू आहे... उभ्यानं एकशे आठ... नाही, आता भिंत धरत नाही." मग बराच वेळ ऐकून घेतले, हसले आणि फोन ठेवला. आठपर्यंत चालेल, त्यावर गेली तर बिनधोक्याची दुसरी गोळी पाहू, असे दोघांत ठरले होते.

परवा औषधांचा डबा आवरायला काढला. आता नऊ प्रकारची औषधे आहेत, दिवसाला अकरा गोळ्या आणि एक अर्धी, आणि कोणती केव्हा हे आईला तोंडपाठ आहे, त्यामुळे ती समोर बसून सांगत होती आणि मी खण भरत होतो. तळाशी ती पट्टी हाती लागली. आईने चष्म्यावरून पाहिले. "ही कोणती?"

"ती खोडलेली."

"मग टाकून दे की. जागा अडवतेय नुसती."

मी बरे म्हणालो. पट्टी उलटी करून पाहिली. मुदत पुढच्या मार्चपर्यंतची होती. मग ती वहीच्या मागच्या पानात ठेवून मी वही मिटली. आईने ते पाहिले आणि पुढच्या गोळीचे नाव सांगितले.